ढकलगाडीवरची रांग

माघ सरत आला होता आणि सोलापूरच्या उन्हाने आपला मूळ स्वभाव दाखवावयास नुकताच प्रारंभ केला होता. अशा एका दुपारी सांगोला तालुक्यातील धुळा नावाचा मेंढपाळ शुक्रवार पेठेतील वाचनालयात आला आणि देवघेवीच्या खिडकीपाशी न थांबता थेट आतल्या खोलीच्या दारात उभा राहिला. त्या खोलीत दोन तालिकाकार बसत. नवे आलेले पुस्तक उघडून ते कोणत्या विषयाचे आहे हे ठरवावयाचे, त्यास वर्गांक द्यावयाचा आणि कोणत्या कपाटात त्याचे घर असावे हे नक्की करावयाचे, असे त्यांचे काम होते. त्यांपैकी ज्येष्ठ तो यशपाल आणि कनिष्ठ ती सुकन्या.

धुळाचे कॅनव्हासचे बूट धुळीने मूळचा रंग हरवून बसले होते. ते त्याने दारातच काढले. गेल्या वर्षी आपण वडिलांनी लिहिलेले एक पुस्तक येथे दिले होते, निळ्या पुठ्ठ्याचे, ते घटकाभर पाहावयास मिळावे, अशी त्याची विनंती होती. पुतण्याने नवी मेंढरे घेतली होती आणि मोबाईलवर पानांचे फोटो काढून ते पुतण्यास द्यावे, असे त्याने योजले होते.

यशपालने संगणकापुढे बसून पुस्तकाचा विषय विचारला.

“मेंढरांच्या दुखन्यांचं,” धुळा म्हणाला. “आमच्या घरात दुसरं काय असनार?”

यशपालने पशुपालनाची यादी उघडली. गाई होत्या, कोंबड्या होत्या, शेळीपालनावरची चकचकीत पुस्तके होती. निळ्या पुठ्ठ्याचे जुने पुस्तक त्यांत कोठेच नव्हते. शेजारच्या टेबलावर सुकन्या एका पुस्तकास लेबल चिकटवीत होती. तिचा हात लेबल धरून तसाच थांबला. यशपालला तो हात दिसला आणि त्याच क्षणी पुस्तक कोठे असेल हे त्यास आठवले.

त्याने दुसरी यादी उघडली. ती भक्तिगीतांची होती. ‘बिरोबाच्या सेवेतील ओव्या’ हे नाव तेथे होते आणि नावापुढे शेरा होता की सदर पुस्तक इतर भजनी पुस्तकांच्या गठ्ठ्याबरोबर जागेअभावी वेळापूरच्या एका भजनी मंडळास भेट देण्यात आले आहे.

पुस्तक सध्या बाहेर गेले आहे, आणवून घेतो, असे यशपालने सांगितले. बोलताना त्याची नजर धुळाच्या पायांकडे होती.

घरातल्या बाकीच्या प्रती वाळवीने खाल्ल्या, ही एकच उरली, म्हणून ती येथे दिली होती, हे धुळाने आठवण करून दिल्यासारखे सांगितले. मेंढरांविषयी कोणी विचारले तर हेच काढून द्या, असेही तेव्हा बजावले होते.

“हरवलं असंल तर हरवलं म्हना की,” तो शेवटी म्हणाला. “कागुदच हाय. मानसं हरवत्यात. पन आशेला लावू नका.”

हे बोलणे बाजूच्या खोलीत बसलेल्या ग्रंथपालांनी ऐकले. संगप्पा सर मूळचे दुधनीचे. निवृत्तीस थोडाच अवधी उरलेला हा गृहस्थ आवाज चढवीत नसे, परंतु मनातून अस्वस्थ झाला की त्याच्या मराठीवर सीमेकडचे कानडी वळण येई. धुळास त्यांनी चहा पाजला, त्याचा फोन नंबर लिहून घेतला आणि तो गेल्यावर त्या पुस्तकाच्या दोन्ही चिठ्ठ्या मागविल्या.

या चिठ्ठ्यांची पद्धत संगप्पा सरांनीच घालून दिलेली होती. पहिल्या तालिकाकाराने पुस्तक एकट्याने पाहावे, कोणास न विचारता वर्गांक ठरवावा, तो चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी दुमडावी आणि पुस्तकात ठेवावी. मग पुस्तक ढकलगाडीवरून दुसऱ्याकडे जावे. दुसऱ्याने दुमडलेल्या चिठ्ठीस हात न लावता पुस्तक स्वतः वाचून आपली चिठ्ठी लिहावी. शनिवारी दुपारी साऱ्यांसमक्ष दोन्ही उघडाव्यात. जुळल्या तर उत्तम. न जुळल्या तर भांडावे, आणि ज्याचे म्हणणे पडेल त्याने पुढल्या शनिवारी घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणावी. सर म्हणत, माणसाने एकट्याने विचार करावा, परंतु एकट्यानेच शेवट करू नये. ते आणखीही एक गोष्ट म्हणत असत, आणि त्या दुपारी दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर उलगडल्यावर त्यांनी तीच पुन्हा म्हटली.

“पहिल्याचं चुकतं, ते माणूसपण. दुसऱ्यानं न बघणं, तो दोष.”

दोन्ही चिठ्ठ्यांवर भक्तिगीतांचा वर्गांक होता. पहिली यशपालची. दुसरी सुकन्याची.

सुकन्या करारावर होती. तिचा करार मार्चअखेर संपत होता आणि तो वाढवावा किंवा कसे, हे कार्यकारी मंडळाचे चिटणीस ठरविणार होते. देणगीदाराचे शेवटचे पुस्तक चुकीच्या विषयात जाऊन वाचनालयाबाहेर गेले, ही गोष्ट चिटणीसांना कळविणे भागच होते, आणि सरांच्याच नियमाप्रमाणे ठपका दुसऱ्या चिठ्ठीवर येत होता. सरांनी तसे बोलून दाखविले नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि सोमवारी चिटणीस येतील तेव्हा सांगेन, असे म्हणून ते उठले.

यशपाल आपल्या टेबलाशी येऊन बसला. त्याच्या समोरच ती लोखंडी ढकलगाडी उभी होती. त्या गाडीकडे पाहणे त्यास अशक्य झाले.

दीड वर्षापूर्वी सुकन्या नवी आली तेव्हा दर शनिवारी तिच्या चिठ्ठ्या वेगळ्या निघत. ती मंगळवेढ्याकडची. घरी मेंढरे, शेती कोरडवाहू, आणि शिक्षण मात्र जिद्दीने पूर्ण केलेले. तिचे काही वर्गांक चुकत, काही चुकत नसत, परंतु भांडावयाची सवय नसल्याने बरोबर असलेलेही ती सोडून देई आणि भाकरी आणी. हसत आणी. नंतर चिटणीसांना एक कल्पना सुचली. दोघांचे एकमत किती होते याचा आकडा दरमहा काढावा, म्हणजे कामाची प्रत समजेल, असे त्यांनी ठरविले. ज्येष्ठाशी ज्याचे वारंवार पटत नाही त्याचे ज्ञान अपुरे, असा अर्थ ते त्या आकड्याचा लावू लागले. त्या महिन्यात एका शनिवारी सुकन्या चटणीचा डबा उघडताना डोळे पुसत होती. तिखट लागले, असे ती म्हणाली. चटणीस अजून कोणी हात लावला नव्हता.

त्या सोमवारी यशपालने ढकलगाडी भरताना पुस्तके नेहमीसारखी सरमिसळ लावली नाहीत. त्याने ती आपल्या वर्गांकांच्या क्रमाने लावली. डावीकडून धर्म, मग समाज, मग शेती आणि पशू, मग साहित्य. चिठ्ठी दुमडलेलीच होती. नियम अक्षरशः मोडला नव्हता. परंतु ज्यास थोडीही दृष्टी आहे त्यास शेजारची पुस्तके पाहून मधल्या पुस्तकाचा वर्गांक सहज वाचता आला असता. सुकन्याने गाडीकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले. त्याने खिडकीकडे मान वळविली. पुढल्या शनिवारी सगळ्या चिठ्ठ्या जुळल्या, आणि त्यानंतर जुळतच गेल्या. भाकरी येणे बंद झाले. आकडा पाहून चिटणीस संतुष्ट झाले. आपण एका गरीब घरच्या मुलीची नोकरी वाचवीत आहोत, असे यशपालला वाटत असे, आणि ते वाटणे त्यास इतके सुखद होते की पुस्तके उघडताना तो अलीकडे पहिल्या पानाच्या पुढे क्वचितच जाई. दुसरे कोणी तपासणार नाही हे ठाऊक झाल्यावर पहिल्याचेही पाहणे सैल होते, ही गोष्ट त्याने स्वतःशी कधी कबूल केली नव्हती.

निळ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर बिरोबास नमन होते. त्याने तेवढेच वाचले होते.

सायंकाळी कपाटांच्या मधल्या बोळात त्याने सुकन्यास गाठले. आवाज खाली ठेवून त्याने विचारले, की ते पुस्तक तिने तेव्हा उघडले होते का.

“उघडलं होतं, सर,” ती म्हणाली. “माझी आजी राजाबाई त्यातल्या ओव्या म्हणायची. मेंढराचं पोट फुगलं की काय करायचं, खुरात किडे झाले की काय लावायचं. मला माहीत होतं ते औषधाचं आहे.”

“मग लिहिलं का नाही, सुकन्याताई?”

तिने हातातले पुस्तक कपाटात सरकविले, ते नीट बसेना म्हणून पुन्हा काढले.

“ढकलगाडीवर ते दोन आरतीसंग्रहांच्या मधे होतं,” ती म्हणाली. “तुम्हीच ठेवलं होतं.”

तिच्या स्वरात आरोप नव्हता. असता, तर यशपालला सोसण्यास काही तरी मिळाले असते. रविवारी वेळापूरला जाऊन पुस्तक आणावयाचे, एवढे त्यांनी ठरविले आणि ती निघून गेली.

घरी यशपालने जेवताना सगळी हकिकत पत्नीस सांगितली. कीर्ती अंगणवाडीत काम करी आणि नवऱ्याच्या चांगुलपणावर तिचा पूर्वीपासूनच फारसा विश्वास नव्हता. तिने ऐकून घेतले, त्याच्या ताटात आमटी वाढली आणि एक जुनी गोष्ट काढली. त्यांची मुलगी धम्मप्रिया लहान असताना चित्रकलेच्या स्पर्धेचा कागद यशपालने हौसेने स्वतःच रंगवून दिला होता. त्यास बक्षीस मिळाले.

“आणि बक्षीस घेऊन पोरगी घरी येऊन रडली होती,” कीर्ती म्हणाली. “तुम्ही पेढे आणायला गेला होता, म्हणून तुम्हाला दिसलं नाही.”

इतकी वर्षे ही गोष्ट त्यास कोणी सांगितली नव्हती. त्याने मुलीच्या खोलीकडे पाहिले. दार लोटलेले होते.

रविवारी सकाळच्या एसटीने यशपाल आणि सुकन्या वेळापूरला पोहोचले. भजनी मंडळाचे ज्येष्ठ ज्ञानबा हे जुन्या मंदिराच्या अलीकडे पत्र्याच्या घरात राहत. त्यांनी दोघांस आग्रहाने खाटेवर बसविले, गुळाचा चहा दिला आणि वाचनालयाने दिलेल्या पुस्तकांबद्दल पुष्कळ आभार मानले. मग गोणपाटात बांधलेला गठ्ठा सोडून त्यातून निळे पुस्तक नेमके वर काढले. त्यास नवे कागदी वेष्टन घातलेले होते आणि मधल्या पानांवर हळदीचे बोट लागलेले होते.

हे पुस्तक परत हवे आहे, असे यशपालने संकोचाने सांगितले. ज्ञानबांनी ते लगेच दिले नाही. त्यांनी ते मांडीवर ठेवले.

“ह्यातलं एक आमी गेल्या एकादशीला म्हनलं की,” ते म्हणाले. “चाल लई चांगली बसती.” आणि मांडीवर ठेका धरून त्यांनी दोन ओळी म्हणून दाखविल्या.

पोट फुगं मेंढराचं, नका बसवू सावलीला;
तेल पाजा, चढ चढवा, वारं जाऊ द्या वाटेला.

आतल्या खोलीत त्यांची सून हसू आवरीत होती, ते भिंतीतून ऐकू आले. ज्ञानबा मात्र गंभीर होते. यशपालने विचारले, की या ओळींचा अर्थ भजनातील मंडळींच्या ध्यानी आला नाही काय.

“न यायला काय झालं? निम्मं मंडळ मेंढरंच राखतं,” ज्ञानबा म्हणाले. “मृदंगवाला तर म्हनला, तात्या, ह्ये जनावराच्या दवाखान्यातलं दिसतंय. पन तुमी शिकल्याली मानसं. लायब्रीनं भजनात घातलंय म्हनल्यावर आमी कोन बोलायचं? आमाला वाटलं, आसंल त्यात काय तरी गूढ.”

सुकन्या चहाच्या पेल्याकडे पाहत होती. यशपालला तिच्याकडे पाहण्याचे धैर्य झाले नाही. ज्याने त्याने पाहिले होते, आणि प्रत्येकाने आपले पाहणे दुसऱ्याच्या शिक्क्याखाली दडपून टाकले होते. तो शिक्का मात्र पाहणाऱ्याचा नव्हता. तो एकच पान वाचून उठलेल्या माणसाचा होता. त्याच्या एका आळसाने साऱ्या भजनी मंडळास टाळ वाजवावयास लाविले होते.

ज्ञानबांनी पुस्तक दिले. वर त्या चालीसाठी तेवढ्या ओळी उतरून ठेवू द्या, अशी अटही घातली. सुकन्याने त्या त्यांच्या मोबाईलवर फोटो काढून दिल्या.

परतीच्या एसटीत सुकन्या खिडकीपाशी बसली आणि तिने पुस्तक उघडले. पंढरपूर गेले तरी ती वाचीत होती. मोहोळपाशी गाडी थांबली, लोक उतरले, लोक चढले, तिने मान वर केली नाही. यशपाल तिच्या शेजारी बसून दुसऱ्या दिवशी चिटणीसांपुढे काय बोलावयाचे त्याची वाक्ये मनात जुळवीत होता. जी वाक्ये जुळत ती ऐकावयास बरी वाटत, आणि म्हणूनच तो ती मोडून टाकी. एकदा तिने काही विचारले. कोरड्या ओढ्याच्या काठच्या एका गावाचे नाव त्यास ठाऊक आहे का, असे काहीसे. त्याने नाही म्हटले आणि पुन्हा आपल्या वाक्यांकडे वळला.

सोमवारी चिटणीस आले. हे गृहस्थ पेठेतील जुने व्यापारी, वाचनालयावर खरे प्रेम करणारे, आणि आकड्यांवर त्याहून अधिक. संगप्पा सरांनी घडलेली गोष्ट सांगण्यास आरंभ केला तेव्हा यशपाल दारातून आत आला आणि खुर्चीवर न बसता बोलू लागला. जुळविलेले एकही वाक्य त्यास आठवले नाही. ढकलगाडी आपण कशी लावीत होतो, केव्हापासून, आणि का, हे त्याने सांगितले. पुस्तकाचे पहिलेच पान आपण वाचले होते, हेही सांगितले.

“म्हणजे वर्षभराचं एकमत खोटं?” चिटणीसांनी विचारले.

“एकमत नव्हतंच, साहेब. एकाचंच मत दोनदा लिहिलेलं होतं.”

चिटणीसांनी सुकन्यास बोलाविले. तिला हे कळत होते काय, असा त्यांनी थेट प्रश्न केला. यशपालने मध्येच सांगण्याचा प्रयत्न केला की तिचा यात काही दोष नाही, ती नवी होती, ती काय करणार होती.

“पहिल्याच दिवशी कळलं होतं,” सुकन्या म्हणाली. “सर माझ्या वतीने बोलत आहेत. ते नको. मला कळत होतं आणि मी लिहीत होते.”

मग संगप्पा सर बोलले. ते चिटणीसांकडे पाहून बोलत नव्हते, खिडकीकडे पाहून बोलत होते, आणि धाकट्या भावास घालावी तशी कानडी साद यशपालला घालीत होते.

“वर्षभर शनिवारी भाकरी आली नाही. दोन डोकी, आणि एकदाही भांडण नाही? मला तेव्हाच कळाया पाहिजे होतं, तम्मा. मी म्हटलं, बरं झालं, माझे दात पण आता कडक भाकरीचे राहिले नाहीत.”

चिटणीसांनी आपला निर्णय दुपारी कळविला. एकमताचा आकडा यापुढे काढला जाणार नाही. यशपालच्या सेवापुस्तकात या गोष्टीची नोंद होईल. सुकन्याचा करार वाढेल, परंतु वर्षाचा नव्हे, सहा महिन्यांचा, आणि पुढचे काम पाहून मग पुढचे.

यशपालने हे ऐकले तेव्हा त्याने सुकन्याची क्षमा मागण्याचे ठरविले, आणि क्षमा कोणत्या गोष्टीची मागावी हे त्यास ठरविता येईना. गप्प राहिला असता तर तिची सारी नोकरी गेली असती. बोलला, तर अर्धी गेली. आणि त्याच्या स्वतःच्या वाट्यास आली ती एका ओळीची नोंद, जी कोणी कधी उघडून पाहणार नव्हते. आपण तिच्यावर उपकार केला तेव्हा किंमत तिने दिली, आणि आपण सत्य बोललो तेव्हाही किंमत तिनेच दिली, ही गोष्ट त्याच्या मनात रुतून बसली. तो दोन दिवस तिच्याशी फार मृदू स्वरात बोलत राहिला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, की सर, मी आजारी नाही.

निळ्या पुस्तकाचे घर नव्याने ठरवावयाचे होते. धुळा शनिवारी फोटो काढावयास येणार होता, आणि तो येण्यापूर्वी ते योग्य जागी असावे, असा सरांचा आग्रह होता. पद्धत तीच राहिली, केवळ ढकलगाडीवर पुस्तके सरमिसळ लावण्याचे काम सरांनी स्वतःकडे घेतले. सुकन्याने पुस्तक दोन दिवस आपल्याकडे ठेवले. मग ते यशपालच्या टेबलावर आले. आत तिची दुमडलेली चिठ्ठी होती. त्याने तिला हात लावला नाही. त्याची आवश्यकताही नव्हती. हे पुस्तक कशाविषयी आहे हे त्यास आता कोणीही सांगितले असते. पोट फुगल्याच्या ओवीपर्यंत त्याने पाने चाळली आणि मनात दाटून आलेल्या समाधानाने, जे समाधान प्रायश्चित्तासारखे वाटत होते, त्याने चिठ्ठीवर पशुपालनाचा वर्गांक लिहिला. ज्ञानाचा मान तिला मिळेल. चिठ्ठ्या जुळतील, आणि या वेळी जुळल्याचे श्रेय तिचे असेल.

शनिवारी धुळा वेळेआधीच आला. सरांनी त्यास बाकावर बसविले. चहा आला. सरांनी प्रथम यशपालची चिठ्ठी उघडली आणि मान डोलविली. मग सुकन्याची उघडली. ती त्यांनी दोनदा वाचली आणि टेबलावर ठेवली.

त्यावर पशुपालन नव्हते. सोलापूर जिल्ह्याचा भूगोल आणि लोकजीवन, असा वर्गांक होता.

यशपालला प्रथम वाटले की ती घाबरून चुकली. तो तिची बाजू घेण्यास पुढे सरसावला. तिच्याही म्हणण्यात तथ्य असू शकेल, असे काहीसे तो बोलू लागला. सुकन्याने पुस्तक हाती घेतले, मधली हळद लागलेली पाने ओलांडून त्यापुढचे पान काढले आणि ते टेबलावर उघडे ठेवले.

“औषधं पहिल्या निम्म्यातच आहेत,” ती म्हणाली. “पुढं सगळी वाट आहे. दिवाळी झाली की मेंढरं कुठल्या गावावरून न्यायची, कुणाच्या रानात बसवली तर खताच्या बदल्यात ज्वारी मिळते, कुठल्या विहिरीला आपल्या माणसानं हात लावायचा नाही. कुणी हुसकलं, कुणी भाकरी दिली, नावानिशी आहे. त्यातली निम्मी रानं आता उसाखाली आहेत. ही वाट दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात नाही. औषध शेळीपालनाच्या पुस्तकातही सापडेल.”

बाकावरून धुळा म्हणाला, “आबा, माझा बा, त्याच वाटंनं मेला की. मोहोळाच्या अल्याड.” एवढे बोलून तो पुन्हा चहा पिऊ लागला. मग त्याने विचारले, की मग मेंढरांचे विचारावयास कोणी आले तर त्यास हे मिळणार की नाही. सुकन्याने सांगितले की मिळेल, पशुपालनाच्या यादीतही त्याचे नाव टाकून तेथून वाट दाखविता येते. घर एकच असते, पण पाहुणे दोन्हीकडून येऊ शकतात.

यशपालला आता बोलणे भाग होते. पद्धतीप्रमाणे त्याने आपल्या वर्गांकाची बाजू मांडावयाची होती. त्याने तोंड उघडले आणि त्याच्या लक्षात आले की मांडावयास त्याच्यापाशी काही नाही. त्या पुढच्या पानांतील एकही ओळ त्याने पाहिलेली नव्हती. एसटीत तिने विचारलेले गावाचे नावदेखील त्यास आठवत नव्हते.

सुकन्याने त्याची चिठ्ठी उचलली आणि पुन्हा एकदा वाचली.

“सर, हे तुम्ही पुस्तक बघून लिहिलं,” तिने विचारले, “की मला बघून?”

तिने हे हळू विचारले होते, तथापि धुळानेही कप खाली ठेवला. संगप्पा सरांनी यशपालकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपण या माणसाबरोबर इतकी वर्षे काम केले आहे, असा काहीसा भाव होता.

यशपालने आपली चिठ्ठी तिच्या हातून परत घेतली आणि दुमडली. पुढल्या शनिवारी भाकरी आपल्या घरची, एवढेच तो म्हणाला. कीर्तीला भाकऱ्या थापावयास सांगताना कारणही सांगावे लागेल, हे त्याच वेळी त्याच्या मनात येऊन गेले.

मग त्याने निळे पुस्तक आपल्याकडे ओढले. धुळाने मोबाईल पुढे केला होता, परंतु यशपालने हाताने त्यास थोडे थांबण्याची विनंती केली. हळदीच्या डागापुढचे पान त्याने उलटले आणि तो वाचू लागला. धुळा थांबला. बाहेर पेठेत दुपारी मिटलेल्या दुकानांची पत्र्याची दारे पुन्हा उघडताना वाजली, सरांचा चहा संपला, सुकन्या आपल्या टेबलाशी जाऊन पुढचे पुस्तक उघडून बसली, आणि तो वाचीतच राहिला.